छोट्या धंद्याची पहिली निर्यात: आधी काय करायचं, नंतर काय, आणि पैसा नेमका कुठे अडकतो

आमच्या पहिल्या परदेशी ऑर्डरचा माल ठरल्या तारखेला निघाला, बायरला आवडला पण, आणि तरी पैसे खात्यात यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत सूतवाल्याचं देणं, विणणाऱ्यांची मजुरी, शिलाई, सगळं अंगावर होतं आणि पुढच्या ऑर्डरला हात लावायची सोय नव्हती. आम्ही हाताने विणलेली कुशन कव्हरं बनवतो. त्यानंतर बऱ्याच शिपमेंट झाल्या आणि आता ओळखीतले छोटे उत्पादक पहिल्यांदा बाहेर माल पाठवायला निघाले की मी त्यांच्यासोबत बसते. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, "बायर कुठे मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, पण तो सहाव्या नंबरचा आहे. आधीचे पाच नीट झाले तर सहावा सोपा जातो.

मी जे पाहिलंय ते असं की छोटा धंदा माल वाईट म्हणून क्वचित बुडतो, तो बुडतो पैसा अडकून. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत मी पैसा कुठे अडकू शकतो तेच बघणार आहे.

१. सगळ्यात आधी पैशाचं कॅलेंडर मांडा

कागद घ्या आणि दिवस लिहा. कच्चा माल घेतला तो दिवस शून्य. माल तयार व्हायला समजा ४५ दिवस, जहाजाने पोचायला ३५, आणि बायर म्हणतो माल मिळाल्यावर ३० दिवसांनी पैसे देतो. झाले ११०. म्हणजे आज घातलेला पैसा पावणेचार महिन्यांनी परत येणार, आणि तोही सगळं सुरळीत झालं तर. एवढे दिवस घर, मजुरी आणि चालू गिऱ्हाइकं सांभाळून तुम्ही तग धरू शकता का? नसेल तर ऑर्डर लहान घ्या किंवा ॲडव्हान्स मागा. मोठी ऑर्डर नाकारायला जीवावर येतं मला माहितीये, पण जी ऑर्डर तुमच्या खेळत्या भांडवलात बसत नाही ती तुमची नाही.

याच पायरीवर आपल्या देशात निर्यातदार म्हणून लागणारी नोंदणी, परकीय चलन घेता येईल असं बँक खातं आणि टॅक्सची नोंदणी उरकून घ्या. नियम प्रत्येक देशाचे वेगळे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला, त्यात सदस्य देशांनी आयात-निर्यातीची प्रक्रिया, फॉर्म आणि फी जाहीर करायची आणि चौकशी केंद्र ठेवायचं असं ठरलंय. तेव्हा एजंटच्या तोंडी माहितीवर थांबू नका, आपल्या कस्टम खात्याची अधिकृत माहिती स्वतः वाचा.

२. एचएस कोड शोधा, आणि घाई करू नका

जगात व्यापाराच्या प्रत्येक वस्तूला आकड्यांचा एक कोड असतो, तोच एचएस कोड. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे, २०० हून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात, आणि पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो. ड्युटी (आयातीवरचा कर) किती, सवलत मिळते का, परवाना लागतो का, सगळं या कोडवर ठरतं.

लोक इथे फसतात कारण वस्तू एकच वाटते पण कोड बदलतो. आमचंच घ्या. नुसता अभ्रा असेल तर तो ६३०४ मध्ये जातो (हे कोडचे पहिले चार आकडे), पण आत कापूस किंवा फायबर भरून पूर्ण कुशन पाठवलं की ते ९४०४ मध्ये गेलं, प्रकरणच वेगळं. वेताची किंवा गवताची विणलेली टोपली ४६०२ मध्ये बसते, आणि तेच कारागीर कापडी हँडबॅग करायला लागले तर ती ४२०२. बायरने सांगितलेला कोड डोळे मिटून लिहू नका, तुम्ही आणि बायर दोघांनी आपापल्या कस्टम एजंटकडून तपासून एकच सहा आकडे पक्के करा. खरंच शंका असेल तर आयात करणाऱ्या देशाच्या कस्टमकडून आधीच लेखी निर्णय मागता येतो. युरोपियन युनियनमध्ये असा निर्णय तीन वर्षं चालतो. मालाचा फोटो, कशापासून बनवलाय, किती टक्के कोणता धागा, वापर काय, एवढं द्यावं लागतं.

आणखी एक, ही यादी दर काही वर्षांनी सुधारली जाते. सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे आणि पुढची २०२८ मध्ये येणार आहे, त्यामुळे जुन्या इन्व्हॉइसवरून कोड उचलून चिकटवू नका.

३. कोणता देश, आणि तिथे ड्युटी किती

जिनिव्हाला इंटरनॅशनल ट्रेड सेंटर आहे, १९६४ साली सुरू झालेलं, संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक व्यापार संघटना दोघांचं मिळून, आणि त्यांचं कामच विकसनशील देशांतल्या छोट्या धंद्यांना बाहेरच्या बाजारापर्यंत न्यायचं आहे. त्यांची दोन साधनं मी कायम वापरते. ट्रेड मॅपवर आपला सहा आकडी कोड टाकायचा, कोणता देश किती माल घेतो, कुणाकडून घेतो, आयात वाढतेय की घटतेय हे दिसतं. मार्केट ॲक्सेस मॅपवर त्याच कोडला कुठल्या देशात किती ड्युटी आणि कोणत्या अटी ते कळतं.

नवीन माणूस ट्रेड मॅप उघडून सगळ्यात मोठा आयातदार देश निवडतो. मी उलट सांगते. किलोमागे सरासरी किंमत काय पडते ते बघा. जिथे किंमत खाली आहे तिथे मशीनचा माल लाखोंनी जातोय, तिथे हातमागाने स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आयात कमी असलेला पण किलोमागे चांगली किंमत देणारा देश आपल्यासाठी जास्त कामाचा.

आता ड्युटीतली सवलत, कारण हे हातातून जातं आणि कुणी सांगतही नाही. बरेच श्रीमंत देश विकसनशील देशांच्या मालाला कमी ड्युटी लावतात. युरोपियन युनियन २००१ पासून सर्वांत कमी विकसित देशांचा (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले सगळ्यात गरीब देश) शस्त्रास्त्रं आणि दारूगोळा सोडून सगळा माल ड्युटीशिवाय घेतं. ब्रिटनने जून २०२३ मध्ये स्वतःची योजना आणली. पण सवलत आपोआप मिळत नाही. माल तुमच्याच देशात "बनलेला" आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्याचे नियम कोडनुसार असतात. बाहेरून कापड आणून नुसती शिलाई केलेला कपडा युरोपच्या योजनेत सर्वांत कमी विकसित देशातून आला तर चालतो, इतर विकसनशील देशातून आला तर साधारणपणे नुसती शिलाई पुरत नाही. युरोपसाठी ६००० युरोपर्यंतच्या कन्साइनमेंटला इन्व्हॉइसवर कुणीही निर्यातदार उगमाचं निवेदन (माल कुठे बनला ते) लिहू शकतो, त्यावरच्या मालाला रेक्स नावाच्या नोंदणीकृत निर्यातदारांच्या यादीत नोंदणी लागते. पहिली ऑर्डर बहुतेक त्या मर्यादेच्या आतच बसते.

या सवलती कायमच्या धरू नका. अमेरिकेच्या अशाच योजनेची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि ती लगेच वाढवली गेली नाही, तिच्या भरवशावर किंमत ठरवलेल्यांना फटका बसला. तसंच ८०० डॉलरच्या आतलं पार्सल तिथे ड्युटीशिवाय जायचं, ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली गेली. ऑनलाइन एकेक नग विकणाऱ्यांनी हे आधी बघावं.

४. तिथले नियम माल बनवायच्या आधी वाचा

माल तयार झाल्यावर नियम वाचला तर माल पडून राहतो. कापडाचं सांगायचं तर युरोपमध्ये लेबलवर धाग्याचं प्रमाण लिहावंच लागतं, आणि काही ॲझो रंगांमधून (कापडाला वापरतात ते एक प्रकारचे कृत्रिम रंग) निघणाऱ्या अमाइन नावाच्या घातक रसायनांची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रंगाऱ्याला रंग घ्यायच्या आधीच सांगावं लागतं आणि रंगाच्या डब्यासोबतचा कागद जपून ठेवावा लागतो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी तिथल्या एका जबाबदार व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव-पत्ता मालावर किंवा पॅकिंगवर लागतो. बायर आयात करतोय तर तोच ती जबाबदारी घेतो, पण थेट ग्राहकाला विकत असाल तर तुम्हाला कुणीतरी शोधावं लागेल. शेतमाल किंवा खाण्याच्या वस्तू असतील तर कीटकनाशकांच्या अवशेषाची मर्यादा आणि रोपांच्या आरोग्याचा दाखला यांचं वेगळं प्रकरण आहे, त्यात अंदाजाने काही करू नका.

ईपिंग नावाची मोफत सेवा आहे, आपला देश आणि वस्तू निवडून ठेवली की त्या बाजारात नवा नियम येऊ घातला की ईमेल येतो.

सर्टिफिकेटच्या मागे लगेच धावू नका. मी एका गटाला महागडं सर्टिफिकेट आधी घेऊन मग बायर शोधताना पाहिलंय, आणि मिळालेल्या बायरला ते नकोच होतं, दुसरंच हवं होतं. कायद्याने सक्तीचं आहे ते करायचंच, बाकीचं बायर ठरल्यावर.

५. किंमत

स्थानिक भावात थोडं वाढवून डॉलरमध्ये सांगितलं की झालं, असं नसतं. कच्चा माल, मजुरी, वाया जाणारा माल, सॅम्पलचा खर्च, पॅकिंग, बंदरापर्यंतची वाहतूक, एजंटची फी, बँकेचे चार्जेस, आणि ज्या ११० दिवसांचं कॅलेंडर मांडलं त्या दिवसांचं व्याज. हे शेवटचं जवळजवळ सगळेच विसरतात. चलनाचा दर वरखाली होतो म्हणून कोटेशनवर ते किती दिवस चालेल ते लिहा, मी ३० दिवस लिहिते.

मग उलट्या बाजूने हिशोब करा. तिकडच्या दुकानात अशी वस्तू कितीला विकतात ते बघा, त्यातून तिथला टॅक्स, दुकानदाराचा नफा, आयातदाराचा नफा, ड्युटी, भाडं वजा करत खाली या. जे उरलं त्यात तुमची किंमत बसते का? नसेल बसत तर वस्तू बदला किंवा बाजार बदला, पण मजुरी कापून बसवू नका. ज्यांच्या हातांनी माल होतो त्यांना परवडलं नाही तर दुसऱ्या ऑर्डरला ते येणार नाहीत, आणि यायलाही नको.

हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला आणखी एक सापळा आहे. विमानाने पाठवताना खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचा बॉक्स म्हणजे १,२०,००० घन सेंटिमीटर, कुरिअरवाले सहसा ५००० ने भागतात म्हणजे २४ किलो, एअर कार्गोवाले ६००० ने म्हणजे २० किलो. आत ७ किलोच्या टोपल्या असल्या तरी.

६. आता बायर

नेदरलँड्समध्ये सीबीआय नावाची सरकारी संस्था आहे, विकसनशील देशांतल्या छोट्या-मध्यम निर्यातदारांना युरोपात माल विकायला मदत करणारी. तिचे बाजार अभ्यास मोफत वाचता येतात आणि कोणत्या प्रकारचा बायर काय मागतो हे त्यात अगदी वस्तूनुसार असतं. महिलांच्या धंद्यांसाठी इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा शीट्रेड्स उपक्रम आहे, आपल्या देशात त्याचं केंद्र असेल तर नक्की जा. प्रदर्शनात पहिल्या वर्षी स्टॉल घेण्याआधी नुसतं फिरून या, पैसे वाचतात आणि डोळे उघडतात.

पहिला मेल लहान लिहा. काय बनवता, महिन्याला किती नग देऊ शकता, कमीत कमी ऑर्डर किती, किती दिवसांत, दोन-तीन चांगले फोटो. क्षमता फुगवून सांगायची नाही. सॅम्पलचे आणि कुरिअरचे पैसे मागायचे, गंभीर बायर ते देतो, हवं तर पुढे ऑर्डरमधून वजा करून द्या.

फसवणुकीचे तीन प्रकार वारंवार बघितलेत. एक, मोठी ऑर्डर देतो पण आधी "नोंदणी फी" किंवा "वकिलाची फी" भरा म्हणणारा. दोन, घासाघीस न करता लगेच हो म्हणणारा आणि सगळा माल उधारीवर मागणारा. तीन, चालू व्यवहाराच्या मधेच "बँक खातं बदललंय" असा मेल, हा तर दोन्ही बाजूंना मारतो, तुमच्या नावाने बायरला पण जातो. पहिल्याच दिवशी बायरला सांगून ठेवा की आमचं खातं मेलवरून कधीच बदलणार नाही, तसं काही आलं तर जुन्या नंबरवर फोन करा.

७. ऑर्डर लिहून घ्या, आणि जबाबदारी कुठे संपते ते ठरवा

सॅम्पल मंजूर झालं की दोन नग सील करायचे, एक बायरकडे एक आपल्याकडे. याला काउंटर सॅम्पल म्हणतात आणि भांडण झालं तर तेच साक्षीदार. हातमागाच्या मालात रंगाची छटा थोडी हलते, मापात फरक पडतो, तो किती चालेल हे आकड्यात लिहा. "थोडाफार" हा शब्द ऑर्डरमध्ये येऊ देऊ नका.

इनकोटर्म्स म्हणजे माल, खर्च आणि धोका कुठल्या ठिकाणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो त्याचे ठरलेले नियम. २०२० च्या आवृत्तीत असे ११ आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. एक्सवर्क्स (बायर तुमच्या दारातूनच माल उचलतो) सोपं वाटतं पण त्यात निर्यातीचं कस्टम परदेशी बायरच्या गळ्यात जातं, ते त्याला जमत नाही. डीडीपी म्हणजे तिकडची ड्युटीसुद्धा तुम्ही भरायची, पहिल्या ऑर्डरला अजिबात घेऊ नका. एफओबी सगळे सवयीने लिहितात, पण कन्टेनरच्या मालाला एफसीए बरं, कारण माल तुम्ही टर्मिनलवर किंवा फॉरवर्डरच्या (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) गोदामात देऊन मोकळे होता आणि एफओबीत तो जहाजावर चढेपर्यंत धोका तुमचाच राहतो. शब्दापुढे जागेचं नाव आणि "इनकोटर्म्स २०२०" लिहायला विसरू नका.

८. पैसे कसे घ्यायचे

सगळ्यात सुरक्षित ते सगळ्यात धोक्याचं असा क्रम: पूर्ण ॲडव्हान्स, एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बायरच्या बँकेची पैशाची लेखी हमी), कागदांवर वसुली (माल सोडवायचे कागद बँकेमार्फत देऊन पैसे घेणं), आणि उधारी. लहान पहिल्या ऑर्डरला मी अर्धे आधी आणि उरलेले माल निघायच्या आधी, असं मागते. बरेच बायर मानतात, विशेषतः हस्तकलेच्या मालात.

कागदांवर वसुलीत दोन प्रकार, डीपी म्हणजे बायरने पैसे भरले की बँक कागद देते, डीए म्हणजे नुसतं "अमुक तारखेला देईन" असं मान्य केलं की कागद त्याच्या हातात. एका अक्षराचा फरक आणि डीएमध्ये माल गेलेला असतो, हातात फक्त वचन. उधारी द्यायचीच असेल तर निर्यात कर्ज विमा आहे का ते विचारा, बऱ्याच देशांत त्यासाठी सरकारी संस्था असते.

आता एलसी, जिथे आमचे चार महिने गेले. एलसीत बँक हमी देते, पण ती मालाकडे बघत नाही, फक्त कागदाकडे बघते. एलसीत मालाचं नाव "कॉटन कुशन कव्हर्स" होतं, आम्ही इन्व्हॉइसवर "कॉटन पिलो कव्हर्स" लिहिलं. वर कागद बँकेत द्यायला उशीर झाला. बँकेने विसंगती काढली, हमी गेली, आणि पैसे बायरच्या मर्जीवर राहिले. तो प्रामाणिक होता म्हणून मिळाले.

एलसी जवळपास सगळीकडे यूसीपी ६०० या नियमांवर चालतात, २००७ पासूनचे आहेत, आणि त्यातलं एवढं लक्षात ठेवा: वाहतुकीचे ओरिजिनल कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत आणि एलसीच्या मुदतीच्या आत द्यायचे, एलसीत यापेक्षा कमी दिवस लिहिलेले असू शकतात. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळलंच पाहिजे. बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात. नगांमध्ये ठरवलेली ऑर्डर असेल तर पाच टक्के कमी-जास्तची आपोआप मिळणारी सूट लागू होत नाही, ५०० म्हणजे ५००. एलसी आली की माल सुरू करायच्या आधी ओळ न ओळ वाचा, जे जमणार नाही ते त्याच दिवशी बदलून मागा. आणि बायरने थेट मेलवर पाठवलेल्या एलसीला काही अर्थ नाही, ती आपल्या बँकेमार्फत खात्री होऊनच आली पाहिजे.

९. पॅकिंग आणि पाठवणी

समुद्रावर कन्टेनरच्या आत दिवसा तापतं, रात्री थंड होतं आणि छताला पाणी धरून खाली ठिबकतं. आमची एक खेप दमट हवेत पॅक केली होती, तिकडे उघडली तेव्हा कापडावर काळे ठिपके. तेव्हापासून माल पूर्ण वाळवून, आतून प्लॅस्टिक लावून आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालूनच बॉक्स बंद होतो. लाकडी पॅलेट किंवा खोका असेल तर त्यावर आयएसपीएम १५ (लाकडातली कीड रोखायचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केलेलं आहे. शिक्का नसेल तर तुमच्या खर्चाने माल परतही येऊ शकतो. पुठ्ठा आणि प्लायवूडला हा नियम नाही.

माल कमी असेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत कन्टेनर वाटून घेता येतो, एलसीएल म्हणतात. समुद्राचं भाडं फार कमी सांगणाऱ्या फॉरवर्डरला विचारा की पोचल्यावर तिकडे बायरकडून किती घेणार. कमी भाडं दाखवून तिकडे भरमसाट वसूल करतात आणि बायर तुमच्यावर चिडतो. विमा मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांचा काढायची पद्धत आहे, आणि ए क्लॉजचा (सगळ्यात जास्त धोके धरणारा) काढा, सगळ्यात कमी धोके धरणाऱ्या सी क्लॉजमध्ये पावसाने भिजणं, चोरी असलं काही सहसा येत नाही.

१०. कागदपत्रं

बहुतेक शिपमेंटला लागतात ती:

- कमर्शियल इन्व्हॉइस
- पॅकिंग लिस्ट, प्रत्येक बॉक्सचं निव्वळ आणि एकूण वजन, मापासकट
- बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) किंवा एअरवे बिल (विमानाने गेलेल्या मालाची)
- निर्यातीचं कस्टम डिक्लरेशन
- उगमाचा दाखला (सवलतीसाठीचा वेगळा आणि चेंबर ऑफ कॉमर्सचा साधा वेगळा, बायरला कोणता हवा ते विचारा)
- विमा, तुमच्याकडे असेल तर
- मालानुसार रोपांच्या आरोग्याचा दाखला, धुरीकरणाचा दाखला, लॅब रिपोर्ट
- ऑर्डर किंवा एलसीची प्रत

एक फाइल बनवा, त्यात बायरचं नाव, पत्ता, मालाचं वर्णन, कोड, वजन एकदाच टाइप करा आणि सगळीकडे तिथूनच कॉपी करा. इन्व्हॉइसवर ४८ बॉक्स आणि पॅकिंग लिस्टवर ४७ एवढ्यावरून कस्टम थांबवतं. बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट येतो तो बायरलाही पाठवून "बरोबर आहे" असं लेखी घ्या, छापल्यावर दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही जातात. आणि किंमत कमी दाखव म्हणणाऱ्या बायरला नाही म्हणा, ते खोटं डिक्लरेशन आहे, आणि विमा पण तेवढाच मिळेल.

११. माल पोचल्यावर

पोचल्याच्या आठवड्यात स्वतःहून मेल करा, बॉक्स उघडतानाचे फोटो मागा, काय खराब निघालं ते विचारा. तक्रार आली तर काउंटर सॅम्पल काढून बघा, चूक आपली असेल तर लगेच मान्य करून पुढच्या ऑर्डरमध्ये भरपाई द्या. मग पहिल्या पायरीचं कॅलेंडर पुन्हा काढा आणि ठरवलेल्या ११० दिवसांच्या जागी प्रत्यक्षात किती लागले ते शेजारी लिहा, कारण दुसऱ्या ऑर्डरला किती ॲडव्हान्स मागायचा ते त्या आकड्यावरून ठरतं.